आयडी फॅनची शाफ्ट बेअरिंगं बदलली, त्याची सविस्तर नोंद

भट्टीमागच्या आयडी फॅनची (भट्टीतला धूर ओढून धुराड्याकडे ढकलणाऱ्या पंख्याची) दोन्ही बेअरिंगं बदलून फॅन पुन्हा लोडवर घेतला. असं काम पहिल्यांदा अंगावर येतं तेव्हा मॅन्युअल हाताशी असतं आणि कृतीही त्यात असते. काम कुठे अडतं आणि का अडतं, ते मात्र त्यात सापडत नाही. म्हणून पहिल्या लक्षणापासून शेवटच्या सहीपर्यंत सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी यंत्र. मोटर १६० किलोवॉट, मिनिटाला ९९० फेरे, इम्पेलर (पंख्याचं पात्यांचं चाक) दोन प्लमर ब्लॉकच्या (बेअरिंगच्या हौसिंगच्या) मध्ये. बेअरिंगच्या जागी शाफ्टचा व्यास १३५ मिमी. त्यावर एच ३१३० अ‍ॅडॉप्टर स्लीव्ह (शाफ्ट आणि बेअरिंगमधली निमुळती बाही) आणि स्लीव्हवर २२२३० के हे स्फेरिकल रोलर बेअरिंग: भोक १५०, बाहेरचा व्यास २७०, रुंदी ७३ मिमी. ‘के’ म्हणजे १:१२ उताराचं निमुळतं भोक. कपलिंगकडचं, म्हणजे मोटरच्या बाजूचं बेअरिंग फिक्स (जागेवरून न हलणारं), टोकाकडचं फ्री (शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकू शकणारं). हा फिक्स-फ्रीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

टोकाकडच्या बेअरिंगचं तापमान काही आठवड्यांत ६२ अंशांवरून ८१ वर चढलं. ग्रीस मारलं की उतरायचं नाही, उलट थोडा वेळ आणखी वाढायचं. कंपन सेकंदाला ३.१ मिमीवरून ५.३ वर गेलं. आयएसओ १०८१६-३ (२०२२ पासून त्याच्या जागी २०८१६-३ आहे) प्रमाणे या गटातल्या, पक्क्या पायावरच्या यंत्राला २.८ पर्यंत दीर्घकाळ चालवायला हरकत नसते आणि ४.५ च्या वर नुकसानीचा धोका धरतात. पण आकड्यापेक्षा दिशा बोलकी होती. इम्पेलरवर धूळ बसून तोल गेला असता तर आडवं कंपन आधी वाढलं असतं. इथे शाफ्टच्या लांबीच्या दिशेचं कंपन पुढे होतं. म्हणजे एक तर अलाइनमेंट (मोटर आणि फॅनचे शाफ्ट एका रेषेत असणं) बिघडलेलं, नाहीतर बेअरिंगवर लांबीच्या दिशेने दाब येतोय. बेअरिंग उघडायच्या आधीच ही शंका कागदावर लिहून ठेवली, कारण एकदा खोलाखोल सुरू झाली की पुरावे पुसले जातात.

सामानाच्या मागणीपत्रात नुसतं ‘२२२३० बेअरिंग, २ नग’ असं लिहून चालत नाही. पूर्ण क्रमांक लागतो: २२२३० सीसीके/सी३डब्ल्यू३३. ‘के’ राहिला तर सरळ भोकाचं बेअरिंग येतं आणि ते स्लीव्हवर बसतच नाही. डब्ल्यू३३ म्हणजे बाहेरच्या रिंगला ग्रीससाठी खाच आणि भोकं, सी३ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त क्लिअरन्स (रोलर आणि रिंगांमधली मोकळी जागा). गरम वायूच्या फॅनमध्ये शाफ्टकडून उष्णता येऊन आतली रिंग बाहेरच्या रिंगपेक्षा जास्त फुगते, म्हणून सी३. बेअरिंगसोबतच दोन स्लीव्ह (केएम ३० नट आणि एमबी ३० लॉकवॉशर, म्हणजे नट सैल होऊ न देणारी चकती, यांसह), लॅबिरिंथ रिंगा (धूळ बाहेर आणि ग्रीस आत ठेवणाऱ्या) व त्यांच्या रबरी दोऱ्या, फिक्स बाजूच्या लोकेटिंग रिंगा (बेअरिंगला सरकू न देणाऱ्या), कपलिंगचे रबरी बुश आणि ग्रीस एकाच मागणीत टाका. बेअरिंग आलं आणि लॉकवॉशर आला नाही, म्हणून शटडाउन पुढे गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. सामान आल्यावर खोक्यावरचा आणि रिंगवर कोरलेला क्रमांक ताडून पाहायचा. तेवढ्यापुरतं पाकीट एका कडेने उघडायचं आणि लगेच बंद करायचं. खोकी आडवी ठेवायची, उभी नाही.

शटडाउन शनिवारी सकाळपासून रविवारी रात्रीपर्यंत मंजूर झाला. मंजुरीला वेळ लागतो तो सह्यांसाठी. उत्पादन, विद्युत, सुरक्षा आणि देखभाल, चौघांच्या सह्या लागतात आणि एकाची राहिली की बाकीच्यांची जुनी होते. परमिट तीन प्रकारचे घ्यावे लागले: साधं कामाचं, केसिंगमध्ये उतरण्यासाठी बंदिस्त जागेचं आणि ग्राइंडरसाठी हॉट वर्कचं. ग्राइंडर लागेलच असं नसतं, पण तो परमिट आधीच काढून ठेवावा. मध्यरात्री रिंग अडकल्यावर सही करणारा माणूस शोधत बसण्यात तास जातात.

फॅन बंद झाला, ब्रेकर काढला, प्रत्येकाने आपलं कुलूप लावलं, स्टार्ट बटण दाबून मोटर फिरत नाही याची खात्री केली. तरीही आयडी फॅनला एवढं पुरत नाही. धुराड्याच्या नैसर्गिक ओढीने इम्पेलर हळूहळू फिरत राहतो. डॅम्पर (हवेच्या वाटेतली झडप) बंद केला तरी गळतीच्या हवेवर तो फिरू शकतो. त्यामुळे डॅम्परच्या लिव्हरला कुलूप आणि इम्पेलरला साखळी, दोन्ही हवंच. शाफ्टजवळ हात घालणाऱ्याचा जीव या साखळीवर असतो, इथे तडजोड नाही.

मग थांबायचं. शाफ्ट आसपासच्या तापमानाला येईपर्यंत एकही माप घ्यायचं नाही. दुपार त्यातच गेली. तेवढ्या वेळात नवी बेअरिंगं पाकिटासकट फॅनजवळ आणून ठेवली, म्हणजे तीही त्याच तापमानाला येतात.

टोप्या उघडण्याआधी प्रत्येक प्लमर ब्लॉकच्या टोपीवर आणि बुडावर एकच खूण पंचने मारली. टोपी व बूड एकत्र बोअर केलेले असतात. एकाची टोपी दुसऱ्याला लावली तर भोक गोल राहत नाही. टोपी उचलल्यावर लगेच पुसायला जाऊ नका. ग्रीसचा रंग, त्यातली चमक, ते कुठे काळं आणि कुठे ताजं आहे, याचे फोटो काढा. चिमूटभर ग्रीस कागदावर पसरून चुंबक फिरवला तर कण लोखंडाचे आहेत की (पिंजरा पितळेचा असेल तर) पितळेचे, ते कळतं. मग स्लीव्हच्या कडेपासून शाफ्टच्या खांद्यापर्यंतचं अंतर, नटची जागा आणि जुन्या बेअरिंगचा क्लिअरन्स मोजून लिहिला. टोकाकडच्या बाजूला तो ०.३४ मिमी निघाला. नव्या बेअरिंगला बसवल्यावर यापेक्षा पुष्कळ कमी राहायला हवा असतो.

टोकाकडची टोपी काढताच कारण समोर आलं. फ्री बाजूच्या हौसिंगमध्येही बेअरिंगच्या दोन्ही अंगांना लोकेटिंग रिंगा घातलेल्या होत्या. दोन बेअरिंगांमधलं अंतर १.८ मीटर. पोलाद मीटरमागे अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं. शाफ्ट पायापेक्षा ६० अंशांनी तापला तर वाढ १२ × १.८ × ६०, म्हणजे जवळपास १.३ मिमी. ही वाढ फ्री बेअरिंगने हौसिंगमध्ये बाहेर सरकून पोटात घ्यायची असते. रिंगांनी ते सरकणंच बंद केलेलं. मग शाफ्ट दोन्ही बेअरिंगांना बाहेर ढकलत राहतो. धुऊन पाहिलं तर दोन्ही बेअरिंगांत बाहेरच्या रांगेची रेस (रोलर फिरतात तो पृष्ठभाग) खवल्यांसारखी सोललेली आणि आतल्या रांगेची जवळजवळ स्वच्छ. नुसता वजनाचा भार असता तर दोन्ही रांगांवर सारखा पट्टा दिसला असता. बेअरिंग नवं टाकून रिंगा तशाच ठेवल्या असत्या, तर तेही याच वाटेने गेलं असतं. जुनं बेअरिंग धुऊन वाचल्याशिवाय नवं पाकीट उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. रेसवर आडव्या समांतर रेघा दिसल्या तर विजेचा प्रवाह गेलेला असतो, रोलरांच्या अंतरावर खळगे दिसले तर उभ्या यंत्राला बाहेरून धक्के बसलेले असतात किंवा बसवताना ठोकलेलं असतं, आणि मंद राखाडी झिजेला बहुधा धूळ किंवा पातळ पडलेलं ग्रीस कारण असतं. प्रत्येकावर उपाय वेगळा.

उतरवण्याची पद्धत सोपी, अंमल अवघड. शाफ्टखाली व्ही-ब्लॉक ठेवून जॅकने फक्त भार सुटेल इतकाच उचलायचा. जास्त उचलला तर दुसऱ्या टोकाच्या लॅबिरिंथ रिंगा घासतात. लॉकवॉशरचा कान सरळ करायचा, नट काही आटे मागे घ्यायचा, पण पूर्ण काढायचा नाही. मग नटवर जाड नळी टेकवून घणाचा सरळ ठोका. स्लीव्ह सुटली की झटक्याने सरकते. नट आट्यांवर असतो म्हणून बेअरिंग जागच्या जागी थांबतं. टोकाकडचं असंच सुटलं. कपलिंगकडचं मात्र हललंच नाही, स्लीव्ह आणि शाफ्टमध्ये तांबडा गंज धरला होता. तिथे बाहेरची रिंग आणि पिंजरा कापून काढला, आतल्या रिंगला ग्राइंडरने जाडीच्या पाऊण खोलीपर्यंत खाच पाडली आणि छिन्नीच्या ठोक्याने ती फोडली. पूर्ण खोल जायचा मोह टाळा, ग्राइंडर स्लीव्हमधून शाफ्टपर्यंत जातो. गॅस कटर तर शाफ्टजवळ नकोच.

कपलिंगकडचं बेअरिंग शाफ्टच्या टोकावरूनच निघतं, म्हणजे कपलिंगचं हब (शाफ्टवर घट्ट बसलेला भाग) काढावंच लागतं. शटडाउनचा वेळ सगळ्यात जास्त इथे जातो आणि नियोजनात हेच विसरलं जातं. बुश काढून, पुलरला ताण देऊन, हबच्या बाहेरून सगळीकडे सारखी उष्णता द्यायची. एकाच जागी ज्योत धरली की हब वाकडं फुगतं आणि आणखी घट्ट बसतं.

शाफ्ट केरोसीनने धुऊन बारीक पॉलिश पेपरने गंज काढला आणि मायक्रोमीटरने तीन जागी, प्रत्येक जागी चार दिशांनी मोजला. अ‍ॅडॉप्टर स्लीव्हखाली शाफ्टला एच९ सहनमर्यादा चालते, म्हणजे १३५.००० ते १३४.९००. व्यासात जागोजागी पडणारा फरक मात्र १८ मायक्रॉनच्या आत हवा. आमचा १२ भरला. स्लीव्ह व्यासातली कमी भरून काढते, वाकडेपणा भरून काढत नाही. हौसिंगच्या टोप्या रिकाम्या बांधून भोक मोजलं: जी७ प्रमाणे २७०.०१७ ते २७०.०६९ मध्ये बसायला हवं. बसलं. जुन्या रिंगेच्या कडेने पडलेली बारीक पायरी फ्री हौसिंगमध्ये बोटाला लागत होती, ती स्क्रेपरने काढली. पायरी राहिली तर बेअरिंग रिंगा नसतानाही अडकतं.

आता बसवणं, म्हणजे फिलर गेजचं (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाचं) काम. नवं बेअरिंग पाकिटातून काढून स्वच्छ टेबलावर उभं धरलं, काही वेळा फिरवलं, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. टेबलावर मोकळी जागा वरच्या रोलरापाशी असते. शेजारच्या दोन रोलरांच्या मधून पाती आत घालायची आणि हळूच सरकवत रोलरच्या डोक्यावर न्यायची. पाती अडवून रोलर तिच्यावरून फिरवायचा नाही, त्याने पाती चेपून आत जाते आणि माप मोठं येतं. जी पाती किंचित ओढ देत पार जाते ती खरी. दोन्ही रांगांत घ्यायचं आणि दोन्हीत जवळपास सारखं यायला हवं. फरक आला तर बाहेरची रिंग तिरकी आहे, ती सरळ करून पुन्हा. १५० मिमी निमुळत्या भोकाला सी३ चा क्लिअरन्स ०.१८० ते ०.२३० मिमी. आमच्या एकात ०.२०, दुसऱ्यात ०.२१ आला.

शाफ्टवर आधी आतल्या बाजूची लॅबिरिंथ रिंग चढवायची. बेअरिंग बसल्यावर ती आत जात नाही. स्लीव्हच्या आतून आणि शाफ्टवरून संरक्षक तेल पूर्ण पुसायचं, ती जोडणी कोरडी हवी. स्लीव्हच्या बाहेरून मात्र पातळ तेलाचा हात. स्लीव्हची खाच स्क्रू ड्रायव्हरने किंचित फाकवून ती नोंदवलेल्या जागी आणली, आटे बाहेरच्या अंगाला. बेअरिंग चढवलं, नट कोन दिलेली बाजू बेअरिंगकडे करून लावला, अजून लॉकवॉशर नाही. वॉशर आत असताना नट आवळला तर त्याचे कान पिळवटतात.

नट हुक स्पॅनरने हाताच्या जोराने, तिन्ही भाग एकमेकांना टेकेपर्यंत आवळला. तिथे नट व स्लीव्हवर खूण केली. इथून पुढे क्लिअरन्स ०.०७५ ते ०.१०० मिमी कमी करायचा असतो आणि त्यासाठी बेअरिंग उतारावर १.२ ते १.६ मिमी चढावं लागतं. केएम ३० नटचा आटा एम १५० × २, म्हणजे एका फेऱ्याला २ मिमी. तेव्हा २१६ ते २८८ अंश. हा कोन फक्त अंदाजासाठी, निर्णय पातीचा. शाफ्टवर लटकत्या बेअरिंगची मोकळी जागा खालच्या रोलरापाशी असते, माप तिथे घ्यायचं. थोडं आवळा, बाहेरची रिंग फिरवून सरळ करा, मोजा, लिहा. टोकाकडचं ०.२० वरून ०.१७, ०.१४, मग ०.११ वर आलं, तिथे थांबलो. सी३ साठी बसवल्यावर किमान ०.०९० उरायलाच हवा. कमी आवळलं तर आतली रिंग स्लीव्हवर सरकते आणि गंज धरते; जास्त आवळलं तर गरम झाल्यावर क्लिअरन्स संपतो आणि बेअरिंग काही तासांत जळतं. शेवटच्या टप्प्यात ठोक्याच्या स्पॅनरवर घण मारताना मधे न मोजता दोन ठोके देऊ नका. हायड्रॉलिक नट असेल तर तोच वापरा, चढण एकसारखी होते. नंतर नट काढला, बेअरिंग स्लीव्हवर घट्ट राहतं, लॉकवॉशर घातला, नट पुन्हा लावून आवळला, कान खाचेत दुमडला आणि क्लिअरन्स परत तपासला. कान खाचेसमोर आला नाही तर नट थोडा पुढे घ्यायचा, मागे नाही.

कपलिंगकडे ०.२१ वरून ०.१२ वर थांबलो. हब ओव्हनमध्ये १२० अंशांपर्यंत तापवून सरकवलं.

शाफ्ट खाली घेताना फिक्स बाजू आधी बसवली, दोन्ही लोकेटिंग रिंगांसह. फ्री बाजूला रिंगा नाहीत, बेअरिंग हौसिंगच्या मधोमध, दोन्ही अंगांना पंधरा मिमीहून जास्त जागा. काढलेल्या रिंगा तिथे पडू द्यायच्या नाहीत, कोणीतरी सद्भावनेने परत घालतं. हौसिंगच्या टोपीवर रंगाने ‘फ्री, रिंग नको’ असं लिहिलं. टोप्यांचे बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला, आलटून पालटून.

ग्रीस बेअरिंगमध्ये हाताने दाबून पूर्ण भरलं, हौसिंगच्या मोकळ्या जागेत मात्र थोडंच. डब्ल्यू३३ खाचेतून पुढे ग्रीस देणार असाल तर सुमारे २० टक्के, बाजूने देणार असाल तर ४० टक्के. ठासून भरलेलं हौसिंग तापतं, कारण रोलर ग्रीस घुसळत राहतात. ग्रीसची जातही जुनीच ठेवा. लिथियम कॉम्प्लेक्समध्ये पॉलियुरिया मिसळलं तर बरेचदा मिश्रण पातळ पडून वाहून जातं.

रविवारी सकाळ अलाइनमेंटला गेली. आधी मोटरचे पाय: एकेक बोल्ट सैल करून डायल गेजने उचल पाहिली, एका पायाखाली ०.१२ मिमी निघाली, तिथे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घातली. उचल काढण्याआधी अलाइनमेंट करणं म्हणजे वेळ वाया, बोल्ट आवळला की आकडे बदलतात. शेवटी डायलने उभ्या आणि आडव्या दिशेला फरक ०.०५ मिमीच्या आत आणला.

चालू करण्याआधी कुलपं ज्याची त्याने काढली, इम्पेलरची साखळी सोडली, केसिंगमधलं सामान मोजून बाहेर काढलं. मोटर एकटी फिरवून दिशा पाहिली, मग कपलिंग जोडून डॅम्पर बंद ठेवून फॅन सुरू केला. दर अर्ध्या तासाला तापमान लिहिलं: ३८, ५१, ६३, ७०, ७२, ७१, ६७, ६४. नवं ग्रीस पसरेपर्यंत आधी चढ आणि मग उतार, हे योग्य वळण आहे. चढ थांबतच नसेल, किंवा ९० अंशांकडे जात असेल तर बंद करून क्लिअरन्स आणि ग्रीस पाहायचं. ७२ ला घाबरून ग्रीस मारू नका, त्याने आणखी तापेल. कंपन १.६ वर स्थिरावलं, लांबीच्या दिशेचं ०.९. गरम अवस्थेत फ्री बाजूला शाफ्ट थंड खुणेपेक्षा १.१ मिमी बाहेर आलेला डायलवर दिसला, बेअरिंग खरंच सरकतंय याचा पुरावा तो.

रात्री परमिट बंद केले. यंत्राच्या नोंदवहीत बेअरिंगचे पूर्ण क्रमांक, बसवण्याआधीचे आणि नंतरचे क्लिअरन्स, नटचा कोन, अलाइनमेंटचे आकडे आणि रिंगा काढल्याची नोंद गेली. जुनी बेअरिंगं चिठ्ठी बांधून ठेवली आहेत, भंगारात द्यायची पावती अहवालावर सही झाल्यावरच काढायची. टोप्यांचे आणि पायाचे बोल्ट पुढच्या थांब्याला एकदा तपासायचे आहेत. पुढच्या ग्रीसचं प्रमाण बाहेरचा व्यास × रुंदी × ०.००५, म्हणजे २७० × ७३ × ०.००५, जवळपास १०० ग्रॅम. आमच्या गनचा एक झटका किती ग्रॅम देतो ते वजन करून गनवरच चिकटवलं आहे. पहिला महिनाभर कंपन आठवड्याला एकदा, तिन्ही दिशांनी घ्यायचं ठरलं आहे.